कठडा कोणाच्या महिन्यातला

२ मार्च

वहिनी, नमस्कार.

मार्च लागला, म्हणजे महिना तुमचा. तिन्ही मजल्यांचं भाडं काल हातात आलं आणि आज कामावर जायच्या आधी मी ते तुमच्या खात्यात भरून आलो. तुम्ही सांगितल्याप्रमाणे पावती सोबत जोडली आहे. तळमजल्याच्या बाइंडरांनी नेहमीसारख्या चारी कोपरे जुळवून नोटा दिल्या. त्या माणसाला सुटा कागद बघवतच नाही. मधल्या मजल्यावर टायपिंगचा वर्ग चालवणाऱ्या बाईंनी पंख्याची तक्रार केली, पण पंखा त्यांचाच आहे, तेव्हा मी नुसती मान डोलावली.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. सगळ्यात वरच्या मजल्याला जाताना जिना जिथे वळतो, तिथला लोखंडी कठडा हलतो आहे. काल भाडं घ्यायला वर गेलो, सहज हात ठेवला, तर तो चांगला चार बोटं बाहेर गेला. भिंतीतले दोन बोल्ट सुटलेत. वर नर्सबाई आणि त्यांचा नवरा राहतात, त्यांची चार वर्षांची छोटी त्याच कठड्याला लटकून झोके घेते. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. टाकी-पंपापासून घराची सगळी कामं अंगावर घेऊन करून देणाऱ्या आपल्या नेहमीच्या वेल्डरला विचारलं, तो दोन हजार म्हणाला.

तुम्हाला हे सांगताना मला उगाच चोरट्यासारखं वाटतंय. पण ठरलंय ते ठरलंय. घर घेतल्यावर पहिल्याच वर्षी हिशेबावरून आमचं दोघा भावांचं इतकं वाजलं की दादाने कायमचा तोडगा काढला. विषम महिने त्याचे, सम महिने माझे. ज्याचा महिना त्याचं सगळं भाडं, आणि त्या महिन्यात जे मोडेल तेही त्याचंच. शिवाय घराबद्दल फोनवर बोलायचं नाही, कारण आवाज चढतो. जे काय ते कागदावर. बारा वर्षांत ना वही लागली ना वकील. आता दादाच्या जागी तुम्ही आहात. मार्चमध्ये मोडलं, म्हणजे तुमचं. होकार कळवा, लगेच काम करून घेतो.

तोवर छोटीच्या आईला लक्ष ठेवायला सांगितलं आहे. मी दिवसभर लोकांच्या लिफ्ट तपासत फिरतो आणि आपल्याच घराचा जिना हलतोय, हे कुणाला सांगू नका.

तुमचा,
धाकटा

११ मार्च

भाऊजी,

पैसे पोचले, पावतीही पोचली.

कठड्याबद्दल. बाइंडरांनी मला फेब्रुवारीच्या वीस तारखेला पत्र लिहिलं होतं, शटरच्या कुलपासाठी. त्याच्या शेवटी एक ओळ होती, ‘वरचा कठडा हलतो, धाकट्या मालकांच्या कानावर घातलं आहे.’ ते पत्र आत्ता माझ्यासमोर आहे. म्हणजे कठडा फेब्रुवारीत हलत होता आणि तुम्हाला ते माहीत होतं. फेब्रुवारी तुमचा. तुम्ही एक मार्चला हात लावलात म्हणून तो एक मार्चला मोडला असं होत नाही. गणवेशाच्या कारखान्यात मी एका वेळी कापडाचे साठ थर कापते, भाऊजी. चूक कुठल्या थरापासून सुरू झाली हे मला कुणाला विचारावं लागत नाही.

दोन हजारांसाठी ही बाई एवढं लिहिते असं तुम्हाला वाटेल. वाटू दे. आमच्याकडे सध्या आठवड्यातून तीनच दिवस काम आहे. हे रडगाणं नाही, कारण सांगते. आणि दुसरं कारण त्याहून मोठं आहे. तुमचे दादा जाण्याच्या आदल्या दिवशी मला म्हणाले, ‘धाकट्याशी वाद नको. महिने पाळ.’ घराबद्दल ते शेवटचं एवढंच बोलले. आज मी तुमच्या महिन्यातलं माझ्यात घेतलं, तर उद्या तुम्ही माझं तुमच्यात घ्याल, मग कोणाचं किती झालं ते लिहून ठेवावं लागेल, आणि वही आली की भांडण आलंच. मी महिने पाळणार.

काम लवकर करून घ्या. तोवर छोटीला त्या वळणावर एकटी खेळू देऊ नका.

वहिनी

२७ मार्च

वहिनी,

तुमचं पत्र चार वेळा वाचलं आणि चारही वेळा उत्तर लिहायचं टाळलं, म्हणून उशीर.

बाइंडर मला बोलले होते हे खरं. पण ते म्हणाले होते, कठडा वाजतो. वाजणं वेगळं आणि सुटणं वेगळं. लिफ्टचं दार वाजतं म्हणून आम्ही लिफ्टला टाळं लावत नाही, तेल घालतो. फेब्रुवारीत मी तेल घातलं, माझ्या खिशातून. बोल्ट सुटले ते मार्चमध्ये.

तुम्ही म्हणता प्रश्न दोन हजारांचा नाही. मीही तेच म्हणतो. पण बाइंडरांचं पत्र तुम्ही माझ्यापुढे असं ठेवलंत, जसं कोर्टात ठेवतात. दादाने बारा वर्षांत माझ्याकडे एकदाही पावती मागितली नाही. तुम्ही तो गेल्यावर पहिल्याच महिन्यात मागितलीत.

सध्या कठड्याला तार बांधली आहे, दुहेरी, पक्कडीने पीळ देऊन. छोटीला सांगितलं की कठडा आजारी आहे, त्याला हात लावायचा नाही. तर ती विचारते, मग डॉक्टर कधी येणार? आता मी तिला काय सांगू, की डॉक्टर कोणाच्या महिन्यात येतो ते ठरायचंय?

तुमच्या महिन्याचे चार दिवस शिल्लक आहेत. मनावर घेतलंत तर अजून जमेल.

धाकटा

५ एप्रिल

भाऊजी,

तुमचं सत्तावीस तारखेचं पत्र मला दोन एप्रिलला मिळालं. पोस्टाचा दोष असेल, मी काही म्हणत नाही. आज पाच एप्रिल आहे आणि महिना तुमचा आहे. फेब्रुवारी धरा नाहीतर एप्रिल धरा, कठडा तुमच्याच पदरात पडतो.

पावतीचं तुमच्या मनाला लागलं, तर एकदा सांगूनच टाकते. हे गेल्यावर बँकेतल्या साहेबांनी मला विचारलं, बाई, एक महिना आड हे पैसे कुठून येतात? मला धड सांगता आलं नाही. निम्मं घर माझं, आणि त्यातल्या खोल्यांना खिडक्या किती हेही मला माहीत नाही. तुम्ही दोघे भाऊ भेटायचात, हसायचात, ठरवून मोकळे व्हायचात. मी त्या घरात अख्ख्या जन्मात दोनदा आले, तीही पाहुण्यासारखी. माझ्याकडे भाऊ नाही, कागद आहे. म्हणून मी कागद मागते. त्याला अविश्वास म्हणायचं असेल तर म्हणा.

आणि तार कसली बांधता? लिफ्टला तार बांधून लोकांना वर पाठवता का?

वहिनी

१८ एप्रिल

वहिनी,

टोमणा बसला. बरोबर ठिकाणी बसला.

परवा वेल्डरला घेऊन गेलो, म्हटलं माझा तर माझा, होऊन जाऊ दे. त्याने तार सोडली, कठडा हलवला आणि हातोडीने खाली दोन ठोके दिले, तर आतून गंजाचा भुगा गळला. बोल्टचं काम नाही म्हणाला. वळणावरचे तिन्ही खांब आतून पोकळ झालेत. सगळा तुकडा कापून नवा बसवायचा आणि भिंतीत नव्याने रोवायचा, चौदा हजार. मी त्याला पुन्हा तार बांधायला लावली आणि खाली येऊन बाइंडरांच्या दुकानात बसून राहिलो.

वहिनी, गंज एका महिन्यात चढत नाही. तो माझ्या महिन्यांत चढला तसा तुमच्याही महिन्यांत चढला, दादाच्याही. तेव्हा या एका कामापुरतं सम-विषम बाजूला ठेवू. सात हजार तुम्ही, सात हजार मी. घर निम्मंनिम्म आहे, तर गंजही निम्मानिम्म. तुम्हाला एकरकमी जमत नसेल तर मी आधी घालतो, तुम्ही सवडीने द्या.

नर्सबाई आता मला जिन्यात भेटल्या की बोलत नाहीत. छोटीला कडेवर घेऊन उतरतात. उत्तर लवकर पाठवा.

धाकटा

२९ एप्रिल

भाऊजी,

दोनाचे चौदा झाले. सात आठवड्यांत. कापडाचा भावही असा चढत नाही.

मी काही शिकलेली नाही, पण इतकी भोळीही नाही. आधी मला सांगितलंत की मोडलं माझ्या महिन्यात. ते जमलं नाही तर आता महिनेच नकोत. सवडीने द्या म्हणता, म्हणजे मी तुमची देणेकरी. मग पंप येईल, मग गच्ची येईल, आणि एक दिवस तुम्ही म्हणाल, वहिनी, तुम्हाला झेपत नाही, तुमचा निम्मा हिस्सा मलाच देऊन टाका. तेच मनात असेल तर ताकाला जाऊन भांडं लपवू नका, सरळ विचारा. नसेल तर वेल्डरचा अंदाज त्याच्या हस्ताक्षरात, त्याच्या सहीने पाठवा.

आणि एप्रिल तुमचा आहे. तो उद्या संपतो हे माझ्या लक्षात आहे, तुमच्याही असेलच.

वहिनी

१६ मे

वहिनी,

कठडा झाला. ३० एप्रिल. माझा महिना. खर्च माझा. बिल जोडलंय, तारीख बघा.

मेचं भाडं भरलं. उशीर झाला. कामात होतो.

तुमचा हिस्सा मला नको.

धाकटा

२५ मे

भाऊजी,

बिल पाहिलं. तीस एप्रिल. म्हणजे माझं पत्र तुमच्या हाती पडायच्या आधीच काम करून झालं होतं. जे एका दिवसात होण्यासारखं होतं, त्यासाठी तुम्ही दोन महिने मला झुलवत ठेवलंत, त्या लेकराचं नाव पुढे करून. मला पाण्यात पाहायचं होतं तर थेट पाहायचं, लहान मुलीला मध्ये कशाला आणलंत?

आणि पत्र? ते लिहिलंत की फेकलंत? प्रत्येक अक्षर चार दिशांना गेलेलं, ओळ खाली घसरलेली, नमस्कार नाही, ‘तुमचा’ नाही. वाण्याची यादीही कोणी अशी लिहीत नाही, आणि हे मोठ्या भावाच्या बायकोला. इतका तिरस्कार असेल तर न लिहिलेलं बरं होतं. मी ते पत्र ठेवलं नाही.

माझा निम्मा हिस्सा मी विकायला काढते आहे. तुम्हाला नको म्हणालात, ठीक. बाहेर गिऱ्हाईक बघेन. माझ्याच्याने आता दर महिन्याला कोण कोणाला फसवतंय याचा विचार होत नाही.

वहिनी

३ जून

मोठ्या मालकीणबाईंना बाइंडरचा नमस्कार.

मला कोणी लिहायला सांगितलेलं नाही. उलट लिहू नका असंच सांगितलं होतं. पण फेब्रुवारीत मी एक ओळ लिहिली आणि पुढे गप्प बसलो, त्याचं मला रोज वाईट वाटतं, म्हणून या वेळी सगळं लिहितो.

धाकटे मालक नऊ मे रोजी जिन्यावरून पडले. दुपारची वेळ होती. तार सैल झाली होती ती पुन्हा बांधायला ते नवं भेंडोळं आणि पक्कड घेऊन वर गेले. छोटी तिथेच पायरीवर बसली होती, कठड्याला पाठ टेकून. त्यांनी तिला उठवून आत पाठवलं आणि तार सोडली. कठडा त्यांच्यासकट खाली आला. आम्ही धावलो तेव्हा ते टायपिंगच्या वर्गाच्या दारात पडले होते. उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं, आत धातूची पट्टी घातली आहे. दोन बरगड्यांना तडा गेला. ते सारखं एकच विचारत होते, छोटी आत गेली ना?

काम बारा मेला झालं. त्यांनी दवाखान्यातूनच वेल्डरला निरोप धाडला आणि बिलावर तीस एप्रिल घालायला सांगितलं. मे तुमचा महिना, म्हणून. मी म्हटलं, मालक, हे खोटं कशाला? तर म्हणाले, वहिनींकडे आठवड्याला तीनच दिवस काम आहे. हा निरोप मी वेल्डरला दिला तेव्हा तो हसला. या घराच्या एकाही बिलावर मी आजवर खरी तारीख घातलेली नाही, एवढंच म्हणाला.

सोळा तारखेचं पत्र त्यांनी माझ्या दुकानात बसून डाव्या हाताने लिहिलं. चार कागद वाया गेले, पाचवा तुम्हाला पाठवला. तुमचं उत्तरही त्यांनी इथेच उघडलं. वाचून घडी घातली आणि खिशात ठेवली.

वरचे लोक या महिन्याअखेर जागा सोडत आहेत.

आपला,
बाइंडर

१० जून

भाऊजी,

बाइंडरांचं पत्र आलं. त्यांच्यावर रागावू नका.

कागदावर मला फार लिहिता येतं असा माझा समज होता, आज हात चालत नाही. तुम्ही वेदनेत डाव्या हाताने पाच वेळा लिहिलंत आणि मी त्या अक्षरावरून तुम्हाला बोलले. ते मी परत घेते म्हटलं तरी तुम्ही ते वाचलेलं आहे. कापलेलं कापड शिवता येतं, पण शिवण दिसते. मला माफ करा.

वेल्डरचं बोलणं वाचलं आणि ह्यांची पत्र्याची पेटी उघडली. घराची सगळी बिलं त्यांनी वर्षावार दोऱ्यात ओवून ठेवली आहेत. पाण्याच्या टाकीचं बिल सापडलं, तारीख एकोणतीस जुलै. पण टाकी जुलैत फुटली नव्हती, भाऊजी. ऑगस्टात मी तापाने अंथरुणाला खिळले होते आणि मला तसंच टाकून ते टाकीसाठी तुमच्याकडे धावले. त्याबद्दल मी त्यांच्याशी आठवडाभर बोलले नव्हते, म्हणून पक्कं आठवतं. ऑगस्ट तुमचा महिना. खर्च ह्यांनी केला आणि तारीख मागे ओढली. मग मी एकेक बिल बघत गेले. गच्चीचं, शटरचं, मधल्या मजल्याच्या मोरीचं. जी मला आठवतात, त्यातल्या एकाचीही तारीख खरी नाही. सगळं तुमच्या महिन्यातलं काढून आपल्या महिन्यात घेतलेलं.

‘महिने पाळ’ म्हणाले ते. मी अक्षरशः पाळले. पाळणं म्हणजे काय हे मला कोणी सांगितलंच नव्हतं, आणि मीही विचारलं नाही.

अजून एक सांगते, नाहीतर मला झोप लागायची नाही. एकोणतीस एप्रिलचं माझं पत्र पंचवीसलाच लिहून झालं होतं, तारीख आणि शेवटच्या दोन ओळी तेवढ्या टाकताना घातल्या. चार दिवस मी ते शिवणाच्या मशीनवर ठेवून दिलं. एप्रिल सरावा म्हणून नाही, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं होतं.

हिस्सा विकत नाही. हात कसा आहे?

वहिनी

२१ जून

वहिनी,

हे पत्र मी सांगतो आहे आणि ही लिहून घेते आहे. हाताची मूठ अजून पुरती मिटत नाही. डॉक्टर म्हणतात हात ऐंशी टक्के येईल. लिफ्टच्या खड्ड्यात ऐंशी टक्के हात घेऊन कोणी उतरू देत नाही, म्हणून कंपनीने मला तक्रारीच्या फोनवर बसवलं आहे. दिवसभर लोक सांगतात लिफ्ट अडकली, आणि मी सांगतो माणूस येतोय. (दिवसभर फोनवर असतात म्हणून घरी अजिबात बोलत नाहीत, हे मी माझ्या मनाने लिहिते आहे. तुमची धाकटी जाऊ.)

दादाही तारखा बदलायचा हे मला तुमच्या पत्रातून कळलं. मला वाटायचं हा उद्योग मी एकटाच करतो. पंप जळला तो त्याच्या सप्टेंबरात, मी ऑगस्ट घातला. वरच्या मजल्याची खिडकी, तळमजल्याचं गटार, असं चार-पाच वेळा. दादा शिस्तीचा, त्याला कळलं तर रागावेल म्हणून मी त्याला पत्ता लागू दिला नाही. आणि तोही तेच करत होता. वेल्डर बारा वर्षं दोघांचं ऐकत होता आणि एका शब्दाने बोलला नाही, त्याला बघतोच मी.

मग तुमच्या वेळी मी तसं का केलं नाही, हे तुम्ही विचारलं नाहीत. पण ते विचारायला हवं. दोन मार्चला मी वेल्डरला दोन हजार देऊन फेब्रुवारीची तारीख घालू शकत होतो. दादासाठी डोळे मिटून केलं असतं. पण तुम्ही पावती मागितली होती ना. मला वाटलं, जिला माझा शब्द पुरत नाही तिच्यासाठी मी कशाला पदरमोड करू? सांगूनही तिला खरं वाटणार नाही. एवढंच होतं. दोन हजार नव्हते, राग होता.

आणि हे शेवटचं. (हे लिहू का, असं मी विचारलं. लिही म्हणाले.) नऊ मेला मी वर गेलो तेव्हा माझ्या हातात तार होती. वेल्डर चार घरं पलीकडे बसतो, त्याला हाक मारली असती तर तो आला असता. मी हाक मारली नाही, कारण महिना तुमचा होता. लोकांच्या लिफ्टमध्ये एक स्क्रू सैल दिसला तर मी लिफ्ट बंद करून लाल पाटी लावतो, मग मालक कितीही ओरडू दे. छोटी त्या कठड्याला पाठ टेकून बसलेली मी पाहिली, तिला उठवलं, आणि तरीही तारच बांधायला घेतली. ती मिनिटभर नंतर उठली असती तर? हे मी रोज फोनवर बसल्या बसल्या मोजतो. त्यात तुमचा दोष नाही असं म्हणणार नाही, आणि माझा कमी आहे असंही म्हणणार नाही.

तुमच्या पंचवीस मेच्या पत्राचा राग आला होता. अजून थोडा आहे. जाईल.

धाकटा

५ जुलै

भाऊजी,

मी येऊन गेले. तुम्हाला न कळवता, परवा, एका दिवसासाठी. तुमच्याकडे आले असते तर तुम्ही दोघांनी मला पाहुण्यासारखं बसवलं असतं आणि मला त्या दिवशी बसायचं नव्हतं.

आधी घर पाहिलं. सगळ्या खोल्या, खिडक्या मोजल्या, अकरा आहेत. वळणावर उभी राहिले, नवा कठडा दोन्ही हातांनी हलवला. हलत नाही. तिथून खाली टायपिंगच्या दारापर्यंत किती आहे ते पाहिलं आणि पायऱ्या मोजत खाली उतरले.

मग बाइंडरांकडून पत्ता घेऊन नर्सबाईंकडे गेले. त्यांनी आत बोलावलं नाही. दारातच म्हणाल्या, ‘आम्ही तीन महिने सांगत होतो. दर वेळी एकच उत्तर मिळायचं, आमचा महिना नाही. आम्ही मात्र बाराही महिने त्याच जिन्याने चढत होतो.’ त्यांची अनामत रक्कम मी पुरी परत केली. परत या असं म्हणायला गेले होते, ते माझ्या तोंडून निघालं नाही. छोटी मागे उभी होती, तिने विचारलं, लिफ्टवाले काका बरे झाले का? मी हो म्हणाले.

शेवटी वेल्डर. त्याला तीस एप्रिलचं बिल फाडायला लावलं आणि बारा मे घालून नवं लिहून घेतलं. महिना माझा होता. चौदा हजार आज तुमच्या खात्यात भरले आहेत, पावती जोडली आहे. तो म्हणाला, बारा वर्षांत या घराचं पहिलं खरं बिल लिहितोय, हाताला सवय नाही. मी म्हटलं, सवय करून घ्या.

आता ऐका, आणि यावर वाद घालायचा असेल तर घाला. सम-विषम संपलं. सगळं भाडं एका खात्यात येईल, त्यातून आधी घराचं जे मोडलं असेल ते, ज्या दिवशी मोडलं त्याच दिवशी, आणि उरेल ते निम्मंनिम्म. मी वही घातली आहे. तिच्यावरून आपलं भांडण होईल. होऊ दे. फोनवर होऊ दे, आवाज चढू दे. भांडणाने कुणाचा हात मोडत नाही.

धाकटीचं अक्षर फार सुरेख आहे, तिला सांगा. पण पुढचं पत्र तिच्याकडून लिहून घेऊ नका. डाव्या हाताने लिहा, ओळ घसरली तर घसरू दे. सोळा मेचं पत्र मी ठेवलं नाही, म्हणून दुसरं हवं आहे.

तुमची,
वहिनी